मुठीत मावणारा भात

जनूकाकांच्या स्वयंपाकघरात फरशीवर एक पिवळा पट्टा होता. ऑइलपेंटने ओढलेला, चार बोटं रुंद, ओट्यापासून बरोबर तीन फुटांवर. कढई चढली की त्या पट्ट्याच्या पुढे कुणी यायचं नाही. बायकोने नाही, पोटच्या मुलीने नाही, आणि माझ्यासारख्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीने तर नाहीच नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे साखर मागायला गेले तेव्हा काका कोपरापर्यंत हातमोजे आणि डोळ्यांवर कारखान्यातला जाड पारदर्शक गॉगल चढवून कांदाभजी तळत होते. मी सहज एक पाऊल पुढे टाकलं, तर हात आडवा करून म्हणाले, “परमिट हाय का?”

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. थट्टा मुळीच नव्हती. खाली एक लाल रंगवलेली वाळूची बादलीसुद्धा होती. तेलाने पेट घेतला तर असावी म्हणून.

मी नगरकडची. बदली होऊन कशेळ्याच्या पुढच्या एका शाळेवर आले आणि रायगडातल्या कर्जतजवळ, दहिवलीत जनूकाकांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. काका मोहोपाड्याजवळ एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होते. “माझ्या पाळीत कुणाचं एक बोट नाय भाजलं,” हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे, आणि पुढच्या भेटीत पुन्हा सांगायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी सुमनकाकूंचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मग काकांनी गॉगल, हातमोजे आणि एक जुनी दगडी पाटी घेऊन स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पाटी मुलीच्या लहानपणची. तिच्यावर ते खडूने लिहायचे: तेल किती, मिनिटं किती, मीठ किती चमचे, आणि वर ‘बॅच ३’ किंवा ‘बॅच ४’. एवढा काटेकोर माणूस रोज सकाळी चहात साखर घालायला विसरायचा, हे मात्र पाटीवर कधी आलं नाही.

बोलणं दणदणीत. आयुष्यभर बॉयलरच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्याने त्यांना हळू बोलताच येत नसे. गुपित सांगायचं झालं तरी चार घरांना कळायचं. राग यायचा तोही फक्त घाईचा. मी जीप चुकेल म्हणून उभ्याउभ्या चहा ढोसायला लागले की म्हणायचे, “बाई, घाईनं व्हॉल्व उघडला की माणूस जातो. बसा.” मी बसायचे. जीप चुकायची. मुख्याध्यापकांना मी काय सांगायचं, याची काळजी काकांना नव्हती.

सुमनकाकू याच्या अगदी उलट. कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर टोचणाऱ्या. घरची भातशेती, आता चुलतदीर करतात, पण दिवाळीनंतर पोती यांच्याकडे येतात. काकूंच्या घरात भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे. मी दोन भाकऱ्या हाणून उठले की त्या विचारायच्या, “म्हणजे उपाशीच उठलीस का गं?”

आणि या बाईच्या हातात भात राहत नव्हता.

हे मला कळायला दोन महिने लागले. काकू कुणासमोर जेवत नाहीत, एवढंच दिसायचं. दुपारी एक वाजता त्या ताट घेऊन आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. काका आपलं ताट घेऊन ओटीवर बसायचे, दाराकडे पाठ करून, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाशीही मोठमोठ्याने बोलत राहायचे. सुट्टीच्या दिवशी, कुणी नसलं तर माझ्याशी, वरच्या गॅलरीकडे मान करून. एकदा मी विचारलं, “काका, तुम्ही आत का नाही बसत?” तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. “तिचा घास तोंडापर्यंत जातो तवर अर्धा सांडतो. चमच्यानं तर आणखीनच. कुणी बघितलेलं तिला आवडत नाय. मी बोलत असलो की तिला समजतं, मी वळून बघत नाय.”

“मग भरवत का नाही?”

“भरवू? तिला?” ते हसले. “एकदा घास पुढं केला तर म्हणाली, मी अजून मेले नाय.”

भाकरी तोडायलाही बोटं स्थिर लागतात. काकू कशीबशी भाकरी आणि तळलेली मासळी खायच्या, पण भात सुटत नव्हता आणि सांडल्याशिवाय खाता येत नव्हता. बंद दाराआड त्यांनी किती शितं वेचली असतील, कोण जाणे. भावकीत कुठे लग्न, बारसं असलं की काकू जायच्या, नटून जायच्या, आणि पंगत बसली की ‘माझं आत्ताच झालं’ म्हणून बाजूला व्हायच्या. ज्या बाईने उभ्या आयुष्यात शंभर पंगती वाढल्या, ती पंगतीच्या वेळी चपला शोधायची. मला त्यांचा फार राग यायचा आणि फार वाईटही वाटायचं.

डिसेंबरात त्यांची मुलगी वैशाली पुण्याहून आली. येताना खालापूरला गाडी थांबली तिथून तिने एक खोका आणला होता, त्यात तळलेले गोल गोळे. आत भात आणि चीज. मी, वैशाली, काका असे सगळे ओटीवर बसून खात होतो. काकूंनी नको नको म्हणत एक उचलला, मुठीत धरला, आणि हात थरथरत असतानाच तोंडाला लावला. चावला. परत चावला. सगळा संपला. मांडीवर काही पडलं नव्हतं. काकूंच्या ते लक्षात आलं की नाही ठाऊक नाही, त्या म्हणाल्या, “साबणाची चव हाय.” काकांचा गोळा मात्र हातातच राहिला होता. ते काकूंच्या मांडीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाटी धुतली गेली आणि वर लिहिलं गेलं: ‘बॅच १’.

पुढचे दोन महिने त्या घराने जे गोळे खाल्ले त्यांची गणती नको. पहिले लिंबाएवढे झाले. ते काकूंच्या चिमटीतून निसटायचे. मग मोसंब्याएवढे झाले. ते पहिल्याच चाव्याला खचून अर्धे ताटात. काकांनी मग काकूंना मूठ वळायला लावली, मुठीत आधी बटाटा, मग कांदा, मग शेवटी माझ्या शाळेतला फळा पुसायचा डस्टरसुद्धा धरायला दिला. काकू म्हणाल्या, “हात हाय माझा, पाना नाय.” शेवटी ठरला तो लांबट आकार, अंड्याहून जरा मोठा, खालून चपटा. लांबट म्हणजे सगळी मूठ बसते, आणि चपटा म्हणजे ताटात घरंगळत नाही. आत चीजचा तुकडा ठेवायचा नाही, कारण तो वितळून भसकन बाहेर येतो आणि ओठ भाजतो. चीज किसून भातातच मळायचं. कॉर्नफ्लोअरच्या पातळ पिठात बुडवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून, तेलात चुऱ्याची चिमूट टाकून ती लगेच वर आली की मगच सोडायचे. काढल्यावर दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. ही दहा मिनिटं काका गोळ्यांपाशी हातांची घडी घालून उभे असायचे.

एवढ्यावर थांबले असते तर ते जनूकाका कसले? काकू म्हणाल्या, नुसत्या भाताला वरणाची सर नाही. तर त्यांनी भातच घट्ट वरणात शिजवला आणि त्याचे गोळे वळले. तळलेला वरणभात! वर तुपाचं बोट. मी नाक मुरडत खाल्ला आणि मग तीन खाल्ले. एका रविवारी आत भाजलेली सुकट घातली. चीज आणि सुकट! मी हात जोडून वर पळाले, पण जिन्यापर्यंत वास आला. काकूंनी मात्र त्या दिवशी चार खाल्ले, आणि त्या दिवशी दार लावायचं विसरल्या. काका ओटीवरून आत आले, पाणी द्यायला म्हणून, आणि तिथेच टेकले. दोघं एकत्र जेवले. मी खाली आले नाही. जिन्यावरून दिसलं तेवढं पुरे होतं.

फेब्रुवारीत वैशालीचं लग्न जमलं. मुलगा मोहोपाड्याचा, मंडळी चांगली. साखरपुड्याची तारीख धरायला रविवारी मुलाकडचे सहाजण जेवायला येणार होते. आता काकूंचं काय? या घरची रीत अशी, की सोयरीक ठरली की पहिल्या जेवणाला दोन्ही विहिणी शेजारी बसतात. शेजारी बसायचं म्हणजे लपायला जागा नाही. काकू म्हणाल्या, “मी वाढायला उभी राहीन.”

“तुझ्या हातून वाढलं तर आमटी त्यांच्या साडीवर,” काका म्हणाले. असं बोलायची हिंमत तेच करू शकत. “तू बसायचं. पोरीचं लगीन हाय. आई पानावर नाय बसली तर लोक काय समजतील? पसंत नाय म्हणतील.”

“आन् बसले आणि सांडलं, तर काय समजतील?”

यावर काकांनी उपाय काढला होता. सगळ्यांनाच गोळे. आठही पानांवर तोच भात, त्याच आकाराचा. म्हणजे एकटीचं पान वेगळं दिसायला नको. मला वाटतं, एवढा विचार कुणी माझ्यासाठी जन्मात केला नाही. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, “बाई, आमी शिफ्टमधी सगळ्यांना सारखंच हेल्मेट द्यायचो. साहेबाला पण.”

शनिवारी संध्याकाळी मोठ्या पातेल्यात भात शिजवून परातीत गार करायला ठेवला. रविवारी सकाळी दहाला कढई चढली. गॉगल, हातमोजे, वाळूची बादली. वैशाली बाहेर खुर्च्या पुसत होती, काकू पट्ट्याच्या अलीकडे स्टुलावर, मी त्यांच्या मागे. काकांनी चार गोळे तेलात सोडले.

पहिला क्षणभर तरंगला आणि फुटला. मग दुसरा. मग चौथा, आणि शेवटी तिसरा. सगळ्या कढईत शितं नुसती उड्या मारत होती. काकांनी गॅस बंद केला, झाऱ्याने कढई उपसली, पाटी वाचली, पुन्हा वाचली. जास्त कॉर्नफ्लोअर घालून आणखी दोन सोडले. तेही गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला. एकतीस वर्षांत न झालेला अपघात आज घरात झाला होता.

“सगळं तसंच हाय,” ते म्हणाले. “तेल तेच. चीज तेच. मिनिटं तीच.”

काकूंनी स्टुलावरूनच हात लांब करून परातीतला भात चिमटीत घेतला. शितं बोटांवरून सुटी सुटी गळाली. “तांदूळ कुठला काढला?”

“जुना. पावण्यांना…” आणि काका थांबले.

मला काहीच कळलं नाही. मी भाकरीच्या मुलखातली, मला तांदूळ म्हणजे तांदूळ. वैशालीने नंतर सांगितलं. यांच्याकडे दोन पिंपं असतात. नव्या भाताचा तांदूळ चिकट होतो, गिचका होतो, तो घरच्यांनी खायचा. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ शिजला की शीत न् शीत मोकळं, तो पाहुण्यांसाठी राखायचा. पाहुण्याच्या पानात नवा तांदूळ म्हणजे अपमानच. दोन महिने काका रोजच्या, नव्या तांदळाचे गोळे करत होते. तो चिकट म्हणूनच गोळा धरत होता. पाटीवर तेल होतं, मिनिटं होती, मिठाचे चमचे होते. कुठला तांदूळ, हे लिहायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि शनिवारी पाहुणे येणार म्हटल्यावर हात आपोआप जुन्या पिंपात गेला.

“मीच म्हणाले, जुना काढा,” काकू म्हणाल्या.

“तू नाय म्हणालीस.”

“म्हणाले नसते तर तुमी नवा काढला असता?”

काकांनी झारा खाली ठेवला. खरंच नसता काढला. पाच पिढ्या भात लावणारी ही माणसं, पाहुण्याला नवा तांदूळ कसे घालतील?

साडेदहा झाले होते. मंडळी बाराला यायची होती. नवा भात शिजवून गार व्हायला चार तास. “मी सांगते, आज माझा उपास हाय,” काकू म्हणाल्या.

“रविवारी कसला गं उपास?”

“पोरीच्या लग्नापर्यंत धरलाय म्हणते. कोण विचारतंय?” आणि त्या उठल्या. तोंड फिरवून उठल्या, म्हणून मला कळलं की त्या रडत होत्या.

काका ओट्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी एकदम ओट्याखालचं कपाट उघडलं. कोपऱ्यात एका वाडग्यात आदल्या दिवशीच्या घरच्या जेवणातला शिळा भात होता. नव्या तांदळाचा. त्यांनी तो मुठीत दाबला. “हा धरतोय,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क हळू निघाला. त्या भाताचे गोळे झाले बरोबर चार. एकही फुटला नाही.

“चार कुणाला पुरणार?” मी विचारलं. “आणि एकट्या काकूंना वाढले तर त्या हात तरी लावतील का?”

काकांनी गॉगल न काढताच चार गोळ्यांच्या दोन जोड्या लावल्या. मग म्हणाले, “दोन सुमनला, दोन विहिणबाईंना. विहिणींचा मान.”

“अशी रीत आहे तुमच्याकडे?”

“आता हाय.”

उरलेल्या जुन्या भाताला फोडणी बसली, वर चीज किसलं, आणि तो सहा पानांवर पडला. विहिणींच्या दोन पानांवर दोन-दोन गोळे. पाहुणे बसले. मुलाची आई आपल्या पानाकडे बघून म्हणाली, “हे आमाला दोघींनाच?”

“मान असतो विहिणींचा,” काका मागून गरजले. “आमच्याकडं पयल्यापासून हाय.”

“असतं, असतं,” मुलाची आत्या मान डोलवत म्हणाली. “काही काही गावांत असतं.” मी ओठ चावून जिन्याच्या दाराला टेकले. ती रीत जेमतेम सव्वा तासाची होती.

काकूंनी गोळा मुठीत घेतला. हात थरथरत होता, बांगड्या वाजत होत्या, आणि त्या आवाजाने सगळ्यांचं बोलणं थांबलं. मला त्या क्षणी तिथून पळून जावंसं वाटलं. विहिणबाईंनी काकूंच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या पानाकडे. त्या आपला गोळा मोडायच्या बेतात होत्या. पण त्यांनी मोडला नाही. त्यांनीही तो अख्खा मुठीत धरला आणि काकूंसारखाच तोंडाला लावला. दोघी शेजारी शेजारी, मुठी तोंडाशी, खात राहिल्या. काकूंचे दोन्ही गोळे संपले. साडीवर काही नव्हतं, पानाबाहेर काही नव्हतं. विहिणबाई म्हणाल्या, “आत काय घातलंय हो?” आणि काकू म्हणाल्या, “रीत यांची हाय, यांनाच विचारा.”

यांना विचारायचं, तर हे आत होते. मी गेले तर ओट्याकडे तोंड करून उभे. गॉगल अजून चढवलेलाच. “काचेला आतून वाफ धरलीय,” ते म्हणाले. मी बरं म्हटलं.

पुढे लग्नात मुलाकडच्यांनी मांडवात विचारलं, विहिणींच्या मानाचे गोळे कुठे आहेत? मग काकांना हॉलच्या आचाऱ्याच्या मागे उभं राहून ते करवून घ्यावे लागले. आचाऱ्यालाही त्यांनी तीन फुटांवर थांबवलं म्हणतात.

दुसऱ्या वर्षी माझी बदली झाली आणि मी परत नगरकडे आले. फोन व्हायचे. काका फोनवर इतके ओरडायचे की मी तो कानापासून लांब धरायचे. काकूंचं विचारलं की म्हणायचे, “चाललंय.” एवढंच.

गेल्या दिवाळीत कर्जतला जाणं झालं. न कळवताच गेले, दुपारची वेळ होती. दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. काकूंचा उजवा हात मांडीवर पडून होता. तो आता गोळा धरू शकत नव्हता, काहीच धरू शकत नव्हता. ताटात साधा वरणभात होता. काका तो कालवून भरवत होते.

मला बघून काकू ओशाळतील म्हणून मी मागे सरकले. त्यांनी मला पाहिलं, आणि तोंड फिरवलं नाही. घास घ्यायला तोंड उघडलं.

काकांना हे जमत नव्हतं. बॉयलरवाला माणूस, पण त्यांचाच हात कापत होता. घास अर्धा तोंडात गेला, अर्धा साडीवर पडला. काका गडबडून वाकले आणि एकेक शीत वेचायला लागले.

“राहू द्या,” काकू म्हणाल्या. “सांडू द्या. दुसरा घास घ्या.”

काकांनी वेचलेली शितं ताटाच्या कडेला ठेवली आणि दुसरा घास घेतला.